गोळीमागची यादी
वृद्धांच्या शुश्रूषागृहांतील औषधचुका आणि त्या टाळण्याचे प्रयत्न : एक आढावा

अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात सकाळी आठच्या सुमारास औषधांची गाडी फिरू लागते. समजा, एका मजल्यावर पंचवीस रहिवासी आहेत, प्रत्येकाला दिवसाकाठी आठ औषधे आहेत आणि त्यांतली निम्मी सकाळी द्यायची आहेत. म्हणजे गोळ्या, थेंब, फवारे, इंजेक्शने मिळून शंभर डोस झाले. ठरलेल्या वेळेच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत दिलेला डोस वेळेवर धरायचा, हा तिथला जुना दंडक. तो पाळायचा तर माणशी पाच मिनिटेही मिळत नाहीत. त्यात कोणाला गिळता येत नाही, कोणी तोंडच उघडत नाही, कोणी कुठल्याही नावाला ‘हो’ म्हणते, मध्येच फोन वाजतो, पलीकडच्या खोलीतून हाक येते. अशा ठिकाणी चुका होणारच, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. त्या किती होतात, कोणत्या टप्प्यावर होतात, त्यांतल्या कोणत्या जिवावर बेततात आणि त्या टाळण्याच्या उपायांपैकी कोणते कसोटीला उतरले, हे मात्र मोजूनच कळते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत असे बरेच मोजमाप झाले आहे.

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे वीस-पंचवीस खाटांचे खासगी रुग्णालय. या लेखाचा विषय तो नाही. स्वतःचे स्वतः करू न शकणारी वृद्ध माणसे जिथे महिनोन्‌महिने, अनेकदा अखेरपर्यंत राहतात, ती ही घरे. अमेरिकेत ती सुमारे पंधरा हजार आहेत. या घरांबद्दलचा सगळा अभ्यास एकत्र ठेवला की एक गोष्ट उठून दिसते. आपली नजर औषध देणाऱ्या हातावर खिळलेली असते. पण बरेचसे टाळता येण्याजोगे नुकसान त्या हातात गोळी येण्याच्या आधी ठरलेले असते, किंवा गोळी पोटात गेल्यावर कोणी पाहिले नाही म्हणून होते.

चूक मोजायची कशी

अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९९ साली ‘टू एर इज ह्यूमन’ हा अहवाल काढला आणि वैद्यकीय चुकांमुळे तिथल्या रुग्णालयांत वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसे दगावत असावीत, असा अंदाज मांडला. त्या अहवालाने खळबळ उडाली, पण त्यात वृद्धांची घरे जवळजवळ नव्हतीच. याच संस्थेने २००६ मध्ये केवळ औषधचुकांवर अहवाल काढला तेव्हा चित्र पालटले. टाळता येण्याजोग्या औषधी इजांचा देशभरचा वार्षिक अंदाज किमान १५ लाख होता. त्यांतल्या सुमारे चार लाख रुग्णालयांतल्या, तर आठ लाख दीर्घकालीन शुश्रूषेच्या ठिकाणच्या होत्या. ज्या घरांकडे कोणाचे लक्ष नव्हते तिथला आकडा रुग्णालयांच्या दुप्पट निघाला.

हे आकडे इतकी वर्षे दडून का राहिले? कारण बहुतेक घरे चुका मोजत ती नोंदवहीतून. चूक झाली, ती करणाऱ्याच्या लक्षात आली आणि त्याने ती लिहून काढली, तरच ती मोजली जाणार. केनेथ बार्कर या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून दुसरी रीत रुजवली : प्रशिक्षित निरीक्षकाने औषधफेरीबरोबर हिंडायचे, दिलेला प्रत्येक डोस टिपायचा आणि नंतर तो डॉक्टरांच्या मूळ आदेशाशी ताडून पाहायचा. बार्कर आणि एलिझाबेथ फ्लिन यांनी जॉर्जिया व कोलोराडो राज्यांतील ३६ रुग्णालये व शुश्रूषागृहे अशी तपासली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साधारण पाच डोसांमागे एक चुकला होता. बहुतेक चुका वेळेच्या किंवा डोस राहून जाण्याच्या होत्या. इजा होऊ शकेल अशा सात टक्के. त्याच मोहिमेत तीन पद्धतींची तुलनाही झाली. अडीच हजारांवर डोसांत खात्री पटलेल्या ४५७ चुका होत्या. शेजारी उभ्या राहिलेल्या निरीक्षकाला त्यांतल्या ३०० सापडल्या, कागदपत्रे चाळणाऱ्याला १७ आणि घटनांच्या नोंदवहीत आढळली एक.

या एका आकड्यामुळे पुढचे बरेच काही समजते. ज्या घराच्या वहीत वर्षभर एकही चूक नाही ते घर सुरक्षित असेलच असे नाही. तिथे लिहायची सोय नसेल किंवा लिहिण्याची भीती असेल. अमेरिकी सरकारचे तपासनीस म्हणूनच वहीवर विसंबत नाहीत. ते किमान पंचवीस डोस डोळ्यांदेखत दिले जाताना पाहतात. त्यांत पाच टक्के किंवा अधिक चुका निघाल्या तर घरावर ठपका येतो. गंभीर चूक मात्र एकही चालत नाही.

टप्पे : लिहिणे, पुरवणे, देणे, पाहणे

औषधाचा प्रवास चार टप्प्यांचा असतो. डॉक्टर लिहितो, केमिस्ट पुरवतो, परिचारिका देते आणि मग त्याचा परिणाम कोणीतरी पाहायचा असतो. मॅसॅच्युसेट्सचे वृद्धरोगतज्ज्ञ जेरी गुरविट्झ यांनी यातला कोणता टप्पा घात करतो याचा छडा लावला. त्यांच्या गटाने १८ शुश्रूषागृहांचा वर्षभर अभ्यास केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत औषधांमुळे झालेल्या ५४६ इजा होत्या आणि त्यांतल्या निम्म्या टाळता येण्याजोग्या. या टाळता येण्याजोग्या इजांचे मूळ मुख्यतः औषध लिहिण्यात आणि नंतर लक्ष ठेवण्यात सापडले. कनेक्टिकट आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ इथल्या दोन मोठ्या संस्थांमध्ये अधिक बारकाईने शोध घेतल्यावर दरमहा दर शंभर रहिवाशांमागे जवळजवळ दहा इजा आढळल्या. टाळता येण्याजोग्या इजांपैकी ८० टक्क्यांत देखरेखीची कसूर होती, तर ५९ टक्क्यांत लिहिण्याची. एकाच इजेत दोन्ही कसुरी असू शकतात, म्हणून बेरीज शंभरावर जाते.

ब्रिटनमध्ये निक बार्बर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये आला. इंग्लंडमधली ५५ केअर होम, २५६ रहिवासी, सरासरी वय ८५, प्रत्येकी सरासरी आठ औषधे. एका ठरावीक दिवशी पाहिले तेव्हा दहांतल्या सात जणांच्या बाबतीत किमान एक चूक निघाली. लिहिण्यात, पुरवण्यात आणि देण्यात चुकांचे प्रमाण आठ ते दहा टक्क्यांच्या दरम्यान होते. ज्या औषधांवर रक्ततपासणीची नजर हवी त्यांच्या देखरेखीत ते जवळजवळ १५ टक्के होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू, पण रक्तातले सोडियम-पोटॅशियम तपासलेलेच नाही, हा त्यातला नेहमीचा प्रकार. या चुकांतून सरासरी इजेची शक्यता कमी होती, हेही संशोधकांनी सांगितले. परंतु त्यांचा मुख्य निष्कर्ष आकड्यांचा नव्हताच. डॉक्टरला घराची पद्धत ठाऊक नाही, केमिस्टला रक्ताचे अहवाल दिसत नाहीत, घरातल्या कर्मचाऱ्याला औषध कशासाठी आहे ते माहीत नाही, आणि संपूर्ण यादीची जबाबदारी एका कोणाचीच नाही. प्रत्येकाने आपापले काम बऱ्यापैकी केले तरी रहिवासी दोन कामांच्या मधल्या फटीत पडत होता.

वयाचा भाग यात मोठा आहे. वार्धक्यात मूत्रपिंडे मंदावतात. स्नायू झडल्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा मात्र नेहमीसारखा दिसतो आणि फसवतो. डिगॉक्सिनसारखे हृदयाचे औषध मग त्याच डोसात अंगात साचू लागते. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते सांगता येत नाही; चिडचिड वाढली एवढेच इतरांना दिसते. मग त्या चिडचिडीसाठी नवी गोळी सुरू होते. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरे औषध देण्याच्या या साखळीचे वर्णन पॉला रोशॉन आणि गुरविट्झ यांनी १९९७ मध्ये केले. सूज आणणारी प्रेशरची गोळी, सुजेसाठी लघवीची गोळी, मग लघवी आवरत नाही म्हणून तिसरी आणि तिसरीने आणखी गोंधळलेला मेंदू. यातली प्रत्येक गोळी आदेशाप्रमाणे, वेळेवर आणि योग्य माणसाला दिलेली असते. औषधफेरीचा निरीक्षक इथे एकही चूक लिहिणार नाही.

मोजकी औषधे, मोठे नुकसान

देण्याच्या टप्प्यावरच्या बहुतेक चुका निभावून जातात, पण काही औषधे चुकीला क्षमा करत नाहीत. अमेरिकेत वृद्धांना औषधांमुळे तातडीने रुग्णालयात का भरती व्हावे लागते, याचा एक राष्ट्रीय अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात दोनतृतीयांश प्रकरणे चारच गटांतली होती : रक्त पातळ करणारे वॉर्फरिन, इन्सुलिन, प्लेटलेट चिकटू न देणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या. तो अभ्यास सर्व वृद्धांचा होता, तरी शुश्रूषागृहांना त्याचा धडा तंतोतंत लागू पडतो.

वॉर्फरिन घेणाऱ्या आजींना लघवीचा संसर्ग झाला आणि को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक सुरू केले, तर काही दिवसांत रक्त धोकादायक पातळ होऊ शकते. इथे दोन्ही औषधे बरोबर दिली जातात. राहते ती रक्त गोठण्याची, म्हणजे आयएनआरची तपासणी. इन्सुलिनचे तसेच : डोस बरोबर, पण न्याहारीला उशीर झाला की शुगर कोसळते. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण न लिहिता नुसते इंग्रजी यू अक्षर लिहिले, तर घाईत ते शून्य वाटते आणि दहाचे शंभर होतात. अमेरिकेच्या ‘जॉइंट कमिशन’ने २००४ मध्ये असे संक्षेप वापरायला सरळ बंदी घातली. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. ते चुकून रोज दिले गेले तर अस्थिमज्जा काम थांबवते आणि माणूस दगावू शकतो. चिठ्ठीवर वाराचे नाव आणि आजाराचे नाव लिहिण्याचा नियम यासाठीच आहे. वेदनाशामक फेंटानिलची नवी पट्टी लावताना जुनी काढायची राहिली, की दुप्पट औषध त्वचेतून जात राहते.

गोळ्या कुटणे हा या घरांतला रोजचा प्रकार. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून दह्यात किंवा जाममध्ये कालवतात. साधी गोळी असेल तर बहुधा बिघडत नाही. पण दिवसभरात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली, तर बारा किंवा चोवीस तासांचा डोस एकदम रक्तात उतरतो. वेळेच्या चुका एरवी किरकोळ मानल्या जातात. पार्किन्सनच्या रुग्णाला मात्र लेवोडोपा अर्धा तास उशिरा मिळाले तरी त्याचे शरीर जखडते. सर्व वेळचुकांना एकाच मापाने मोजणारी पद्धत त्यामुळे दोन्हीकडून फसते. ती निरुपद्रवी उशिरासाठी परिचारिकेला दोषी धरते आणि घातक उशिराला त्याच रांगेत बसवते.

माणूस गप्प बसावा म्हणून

काही औषधे चुकून नाही, तर सोयीसाठी दिली जातात. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ओरडतो, हिंडतो, मारायला धावतो. दोन कर्मचारी आणि तीस रहिवासी असले की अँटिसायकोटिक, म्हणजे तीव्र मनोविकारांवरची, गोळी हा हाताशी असलेला उपाय ठरतो. अमेरिकेने १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्यात अशा ‘रासायनिक बेड्यां’पासून मुक्त राहण्याचा हक्क रहिवाशांना दिला. २००५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक चौकटीतला इशारा वेष्टनावर छापायला लावला. २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू झाला. ब्रिटनमध्ये सुबे बॅनर्जी यांच्या २००९ च्या सरकारी अहवालाने हिशेबच मांडला : स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना ही औषधे दिली जातात, फायदा फार तर ३६ हजारांना होतो आणि वर्षाला अंदाजे १,८०० जादा मृत्यू घडतात. त्याच वर्षी क्लाइव्ह बॅलार्ड यांच्या गटाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आधीपासून ही औषधे घेणाऱ्या १६५ रहिवाशांपैकी निम्म्यांची गोळी बदलून बिनऔषधी गोळी दिली होती. दोन वर्षांनी औषध चालू असलेल्यांत ४६ टक्के जिवंत होते, बंद केलेल्यांत ७१ टक्के.

अमेरिकेने २०१२ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू केली. दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांना दिली जाणारी ही औषधे काही वर्षांत १५ टक्क्यांच्या आसपास आली. ही घट खरी, पण तिच्यातली एक पळवाट पुढे उघड झाली. स्किझोफ्रेनियाचे निदान असलेला रहिवासी या मोजणीतून वगळला जाई, म्हणून काही घरांत ऐंशीच्या पुढच्या माणसांना अचानक स्किझोफ्रेनिया होऊ लागला. सरकारच्या महानिरीक्षकांनी यावर बोट ठेवले आणि २०२३ पासून अशा निदानांची स्वतंत्र तपासणी सुरू झाली. ऑस्ट्रेलियात वृद्धसेवेवरच्या शाही आयोगाने २०१९ च्या अंतरिम अहवालात रासायनिक बेड्यांचा प्रश्न तातडीच्या तीन प्रश्नांत गणला. तिथल्या दीडशे घरांत राबवलेला ‘रेड्यूज’ प्रकल्प मात्र आशा देणारा होता. घराला स्वतःचेच आकडे दाखवायचे, कर्मचाऱ्यांना शिकवायचे आणि डॉक्टर, केमिस्ट व परिचारिका यांनी प्रत्येक रहिवाशाचे औषध एकत्र बसून पाहायचे. सहा महिन्यांत अँटिसायकोटिक १३ टक्क्यांनी आणि झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या २१ टक्क्यांनी घटल्या.

उंबरठ्यावरच्या चुका

रहिवासी रुग्णालयात जातो आणि परत येतो, तेव्हा यादी सर्वाधिक बिघडते. न्यूयॉर्कमध्ये केनेथ बूकव्हार यांनी असे जाणे-येणे अभ्यासले. प्रवासात औषधे बंद झाल्याने किंवा डोस बदलल्याने दर पाच फेऱ्यांमागे एकीत इजा झाली होती, आणि बहुतेक इजा घरी परतल्यावर. कारणे साधी आहेत. रुग्णालयात पोटासाठी तात्पुरती दिलेली गोळी कायमची होते. शस्त्रक्रियेसाठी थांबवलेली रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू करायची राहते. एकच औषध दोन ब्रँडांनी दोनदा लिहिले जाते. डिस्चार्ज कार्ड शुक्रवारी संध्याकाळी येते आणि डॉक्टर सोमवारी भेटतात.

उपाय माहीत आहे. प्रत्येक उंबरठ्यावर जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून ओळ न्‌ ओळ ताडायची आणि प्रत्येक फरकाला कारण लिहायचे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने केअर होमसाठी २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत हे काम कोणी, कधी आणि कोणाशी बोलून करायचे, हे नोंदवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या ‘मेडिकेशन विदाउट हार्म’ या मोहिमेनेही तीन जागा अग्रक्रमाच्या ठरवल्या : धोक्याच्या परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधे आणि उपचारांचे स्थलांतर. शुश्रूषागृहात या तिन्ही एका छताखाली भेटतात.

उपाय कसोटीवर

उपायांची यादी लांब आहे, पण पुरावा सर्वांच्या पाठीशी सारखा नाही.

पहिला उपाय, टाळायच्या औषधांच्या याद्या. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये अशी पहिली यादी केली, तीही खास शुश्रूषागृहातल्या रहिवाशांसाठी. आज अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटी ती दर काही वर्षांनी सुधारते. अलीकडची आवृत्ती २०२३ ची. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या वैद्यांनी २००८ मध्ये ‘स्टॉप-स्टार्ट’ निकष आणले. काय थांबवावे याबरोबर काय राहून गेले आहे, हेही ते सांगतात.

दुसरा उपाय, औषधतज्ज्ञाची नियमित तपासणी. अमेरिकेत प्रत्येक रहिवाशाची यादी दरमहा परवानाधारक औषधतज्ज्ञाने पाहणे सक्तीचे आहे. उत्तर आयर्लंडमध्ये २२ पैकी निम्म्या घरांत औषधतज्ज्ञांना दरमहा पाठवून पाहिले. वर्षअखेरीस अनावश्यक झोपेच्या-मनाच्या गोळ्या घेणारे तिथे २० टक्क्यांच्या आत आले. नेहमीची पद्धत असलेल्या घरांत ते ५० टक्के होते. पडण्याचे प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखेच राहिले. ब्रिटनमध्ये औषध लिहिण्याचा अधिकार असलेला औषधतज्ज्ञ घराला जोडून देण्याचा मोठा प्रयोग झाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हाही औषधांचा भार हलका झाला होता, पण पडणे घटले नव्हते. अशा बारा अभ्यासांचा, जवळजवळ अकरा हजार रहिवाशांचा कॉक्रेन आढावा २०१६ मध्ये निघाला. औषधांच्या समस्या सापडतात आणि सुटतात. पण इजा, भरती किंवा मृत्यू घटल्याचा ठोस पुरावा हाती लागत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

यावरून तपासणी व्यर्थ आहे असे म्हणणे घाईचे ठरेल. पंचाऐंशीव्या वर्षी माणूस पडतो त्याला डोळे, गुडघे, अंधार, ओली फरशी अशी दहा कारणे असतात. एका गोळीच्या जाण्याने तो आकडा हलणे कठीण. परंतु महिन्यातून एकदा येऊन सूचना लिहून जाणारा तज्ज्ञ आणि त्या सूचनेवर सही करायला वेळ नसलेला डॉक्टर, एवढ्याने काम होत नाही, हे मात्र सिद्ध झाले आहे. इंग्लंडने २०२० पासून प्रत्येक केअर होमला एका नेमक्या वैद्यकीय गटाशी आणि नावानिशी ठरलेल्या प्रमुखाशी जोडायला सुरुवात केली, ती बार्बर यांनी दाखवलेली फट बुजवणारीच दिशा आहे.

तिसरा उपाय, यंत्रे. संगणकावर औषध लिहिताना धोक्याच्या सूचना दाखवणारी प्रणाली गुरविट्झ यांनीच दोन मोठ्या संस्थांत तपासली आणि २००८ मध्ये इजा घटल्या नसल्याचे प्रामाणिकपणे मांडले. सूचना इतक्या येतात की लिहिणारा त्या न वाचताच पुढे जातो. बारकोडचा अनुभव बरा आहे. इंग्लंडमधल्या १३ घरांत तीन महिने बारकोड वापरला. १ लाख ८८ हजार डोसांत यंत्राने सुमारे २,३०० चुका होण्याआधी रोखल्या आणि दहांतल्या नऊ रहिवाशांना किमान एकदा चुकीपासून वाचवले. यंत्राला योग्य माणूस, योग्य गोळी, योग्य वेळ कळते. गोळी मुळात हवी का, हे कळत नाही.

चौथा उपाय, वेष्टन. आठवड्याच्या कप्प्यांत आधीच भरलेल्या गोळ्यांत चुका कमी होतात. पण जे कप्प्यात मावत नाही तिथे त्या वाढतात. एका ब्रिटिश अभ्यासात पातळ औषधांत चुकीची शक्यता कप्प्यातल्या गोळ्यांच्या काही पट होती, आणि इनहेलरमध्ये तर कित्येक पट. सगळे लक्ष कप्प्यांच्या ट्रेकडे गेले की तिच्याबाहेरचे औषध राहून जाते.

पाचवा उपाय स्वस्त आहे, म्हणूनच कदाचित दुर्लक्षित राहिला. हेलसिंकीमध्ये काइसु पिटकाला यांच्या गटाने वीसपैकी निम्म्या विभागांतल्या परिचारिकांना चार-चार तासांच्या दोन दुपारी शिकवले : कोणती औषधे वृद्धांना बाधतात, दुष्परिणाम कसा ओळखायचा आणि डॉक्टरांना कधी विचारायचे. घातक औषधांचा वापर घटला, रुग्णालयातले दिवस कमी झाले आणि रहिवाशांच्या जगण्याची प्रत इतरांच्या तुलनेत हळू खालावली. डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. परिचारिका रोज तोंडाशी चमचा नेते. पाहणारी नजर तिचीच असल्यामुळे तिला शिकवण्याचा लाभ थेट रहिवाशाला होतो.

सहावा उपाय म्हणजे औषधे सरळ कमी करणे. इस्रायलमध्ये डोरॉन गार्फिंकेल यांनी ११९ अतिवृद्ध रुग्णांची सरासरी तीन औषधे थांबवली. वर्षभरात त्यांच्यात २१ टक्के मृत्यू झाले, तर तुलनेच्या गटात ४५ टक्के. हा प्रयोग चिठ्ठ्या टाकून गट पाडणारा नव्हता, म्हणून आकड्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. पण बंद केलेली बहुतेक औषधे पुन्हा सुरू करावी लागली नाहीत, हे त्यातून नक्की कळते.

हात किती, भीती किती

औषध कोण देते? अमेरिकेच्या अनेक राज्यांत नोंदणीकृत परिचारिकेऐवजी थोडे प्रशिक्षण घेतलेले औषध-सहायक फेरी काढतात. ब्रिटनमधल्या निवासी घरांत तर साधे काळजीवाहकच. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक यांनी २०१० मध्ये दाखवले, की औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढतात. ‘मला आत्ता हाक मारू नका’ असे लिहिलेले लाल जाकीट बऱ्याच ठिकाणी आले. पण माणसेच कमी असतील तर ते जाकीट घातलेल्या परिचारिकेलाच घंटेला ओ द्यावी लागते. अमेरिकी सरकारने २०२४ मध्ये किमान कर्मचाऱ्यांचा नियम आणला. २०२५ मध्ये टेक्ससच्या संघीय न्यायालयाने तो रद्द केला.

दुसरी बाब भीतीची. टेनेसीतील नॅशव्हिल इथल्या एका रुग्णालयात चुकीचे औषध टोचल्याने रुग्ण दगावली. चूक स्वतः कबूल करणाऱ्या परिचारिकेला २०२२ मध्ये फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवले गेले. तिला तुरुंगवास झाला नाही. तरी चूक लिहावी की झाकावी, हा हिशेब त्या निकालाने देशभरच्या परिचारिकांच्या मनात बदलला. निष्काळजीपणाला शिक्षा हवीच. पण चांगल्या माणसाला चूक करायला लावणारी व्यवस्था तशीच ठेवून फक्त माणूस बदलला, तर तीच चूक नव्या हाताने होते.

आपल्या दारात

महाराष्ट्रात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची काळजी बहुतांशी घरात होते. आता शहरांत ती शुश्रूषा केंद्रांत आणि ब्युरोमार्फत आलेल्या मावशींकडेही गेली आहे. मुले बाहेरगावी किंवा परदेशात असली की औषधांचा डबा भरणारे आणि देणारे हात दिवसातून दोनदा पाळी बदलतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने जिल्हागणिक वृद्धाश्रमाची कल्पना मांडली; पण दरमहा औषधतज्ज्ञाने यादी पाहण्याची अमेरिकेसारखी सक्ती आपल्याकडे नाही.

आपले काही धोके खास आपले आहेत. इथे इन्सुलिनच्या कुपीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर पेनच्या काडतुसात १००. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. काडतुसातले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले तर अडीच पट डोस जातो. ब्रँडची नावे एकसारखी, आजार मात्र वेगळे, हाही आपला जुना प्रश्न. २००१ मध्ये फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या औषधांच्या नावांवरून दोन कंपन्या भांडल्या, तेव्हा औषधांच्या नावांतला सारखेपणा इतर मालापेक्षा कडकपणे तपासावा, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. डॉक्टरांनी मूळ औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, हा नियम २०१६ चा.

साधने मात्र अगदीच नाहीत असे नाही. औषधांचे दुष्परिणाम कळवण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. २००८ पासून ‘फार्म. डी.’ हा रुग्णाशी थेट संबंध असलेला औषधशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू आहे, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्यांना काम शोधावे लागते. एका औषधतज्ज्ञाने तीन-चार शुश्रूषा केंद्रांची यादी दरमहा पाहणे आणि तिथल्या मावशींना दोन दुपारी शिकवणे, हा महागडा प्रयोग नव्हे.

जमलेला पुरावा एकत्र वाचला की क्रम असा लागतो. आधी यादी छोटी करा. प्रत्येक औषधासमोर ते कशासाठी, कधीपर्यंत आणि कोणत्या तपासणीवर, हे लिहा. रुग्णालयातून परतल्याच्या दिवशी ती नव्याने ताडा. तिची जबाबदारी एका नावावर टाका. जी रोज औषध देते तिला काय पाहायचे ते शिकवा आणि तिचे म्हणणे डॉक्टरपर्यंत त्याच दिवशी पोचू द्या. बारकोड, कप्प्यांचे ट्रे, लाल जाकिटे यानंतर येतात. ही साधने चुकीची यादी अचूकपणे देण्यासाठी वापरली जाऊ नयेत.

आईवडिलांसाठी केंद्र निवडायला जाणारी माणसे खोल्या, स्वच्छता आणि जेवण पाहतात, कधी ‘इथे औषधांत चुका तर होत नाहीत ना?’ असेही विचारतात. त्या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे, ‘गेल्या महिन्यात इथे कोणाचे कोणते औषध बंद झाले, ते कोणी ठरवले आणि त्यानंतर त्या माणसाकडे कोणी पाहिले?’ ज्या केंद्राला याचे उत्तर वही उघडून देता येते तिथे यादी कोणीतरी वाचत असते.